गच्चीवरची चकाकी

लढाई सीमेवर चालली होती, पण बदलापूरच्या बेलवलीतल्या त्या चार मजली सोसायटीत पहिला फरक पडला तो कुकरच्या शिट्ट्यांना. बायका संध्याकाळचा स्वयंपाक उन्हं असतानाच उरकू लागल्या, कारण साडेसातला सगळ्यांनी दिवे घालवायचे असा निरोप ग्रुपवर आला होता. निरोप आला कुठून, याची सुनेत्राबाई पोंक्ष्यांनी चौकशी केली. सून श्रद्धा म्हणाली, "वरून आलाय, आई." वर म्हणजे कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. सोसायटीचे चेअरमन गुरुदत्त सामंत म्हणाले, समोरच्या सोसायटीतून आला. समोरचे म्हणाले, आम्हाला तर तुमच्याकडूनच आला.

सुनेत्राबाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून कुणी दिवा लावून बसत नाही. साडेसात वाजले तसा त्यांनीही घालवला.

अंधाराची त्यांना सवय होती. एकाहत्तरच्या लढाईत त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या, अंबरनाथला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. ज्या कारखान्यात दारूगोळा बनतो तिथेच नवरा नोकरीला, मग काळजी ती किती! खिडक्यांना खळ लावून काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, आणि फटीतून जरा उजेड दिसला की बाहेरून वॉर्डनची शिवी. शिवी मराठीत असे आणि चांगली खणखणीत असे. श्रीपादराव पाळीवरून आले की रेडिओला कान लावत. आधी आपल्या बातम्या, मग आवाज बारीक करून चोरून शत्रूच्या. एका संध्याकाळी ते पिठलं-भाकरी खात बसलेले असताना पलीकडचा निवेदक मोठ्या तोऱ्यात म्हणाला की अंबरनाथचा कारखाना जळून राख झाला.

श्रीपादरावांनी हातातला घास तसाच धरला. म्हणाले, "सुनेत्रा, जरा चिमटा काढ गं मला. राख झालोय मी. आणि राखेला अजून थोडं पिठलं वाढ."

दोघं ठसका लागेपर्यंत हसली. हसता हसता सुनेत्राबाईंच्या मनात आलं, काल आपल्या रेडिओनेही तिकडचं काहीतरी असंच राख झाल्याचं सांगितलं होतं. तिथेही एखादी बाई आत्ता नवऱ्याच्या ताटात रोटी वाढत असेल का? पण असलं त्या दिवसांत नवऱ्यापाशीसुद्धा बोलायचं नसे. त्यांनी पिठलं वाढलं आणि विषय गिळून टाकला.

आता श्रीपादराव नव्हते. आता घरात बातम्या आणत होता नातू वरद. मुलगा नोकरीला पुण्यात, म्हणून घरात आजी, सून आणि नातू अशी तिघंच. वरद इंजिनिअर झाला होता, नोकरी अजून लागत नव्हती, आणि तोवर आतल्या खोलीत पलंगावर पडून तो 'बदलापूरची बित्तंबातमी' नावाचं एक पेज चालवत होता. पेज कुणाचं, हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. लढाईआधी त्यावर खड्ड्यांचे, गेलेल्या विजेचे आणि हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो येत. बघणारे मोजकेच. लढाई लागली आणि पेजला जत्रेचं रूप आलं. लांबलांबची माणसं येऊन त्यावर शत्रूला शिव्या घालून जाऊ लागली.

टीव्ही दिवसभर चालू. परवा निवेदकाने छाती पुढे काढून सांगितलं की शत्रूचं एक मोठं बंदर पेटलंय. वरद सोफ्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदराचं कुणी नाव घेईना.

"वरद, त्या बंदराचं पुढे काय झालं रे?"

"कुठल्या बंदराचं?" वरदने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

तेव्हापासून सुनेत्राबाई टीव्हीकडे अशा बघू लागल्या, जसं आपण पातळ दूध घालणाऱ्या गवळ्याकडे बघतो.

आणि मग तो व्हिडिओ आला.

समोरच्या बी विंगमधून कुणीतरी मोबाइलवर काढलेला. ए विंगची गच्ची, कलती उन्हं, आणि कठड्याच्या वर काहीतरी चमकतंय, विझतंय, पुन्हा चमकतंय. एकदा, मग दोनदा भरभर, मग थांबून एकदा. मागे ढोलताशाच्या वर चढणारं कसलंसं संगीत. खाली लाल अक्षरांत, 'बदलापुरात शत्रूच्या ड्रोनला इशारे? बघा, ओळखा, शेअर करा.'

ओळखायला कितीसा वेळ लागणार? पाण्याच्या टाकीवर सोसायटीचं नाव रंगवलेलं होतं. गच्चीला लागून वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती माया अहिरे आणि तिचा नवरा महेंद्र.

जिन्यात बायका थांबून बोलू लागल्या, आणि सुनेत्राबाई खाली उतरल्या की त्यांनाही त्यात ओढू लागल्या.

"तिचा नवरा बघा, कधीही येतो, कधीही जातो."

"केमिकल कंपनीत आहे ना तो, पाळी असते," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"केमिकल! बघा म्हणजे!"

"आणि तो उल्हासनगरचा सिंधी? स्कूटरवर खोकी भरून नेतो. आत काय असतं कुणी बघितलंय?"

"कुरडया असतात. ती वाळवणं करून विकते त्याच्या दुकानात."

"काकू, तुम्ही फार भोळ्या हो."

अहिरे दोन वर्षांपूर्वी राहायला आले. दारावर बुद्धाची तसबीर लागली त्या दिवसापासून दोन-तीन दारं जरा कमी उघडू लागली होती. भांडायला मात्र कुणापाशी निमित्त नव्हतं, कारण माया कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता आभाळातूनच निमित्त पडलं होतं.

सुनेत्राबाई भोळ्या नव्हत्या, आणि हेच त्यांना छळू लागलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवलं, परवा जिन्यात मायाने विचारलं होतं, "काकू, दिवे नक्की किती वाजता घालवायचे?" साधा प्रश्न. पण आता त्या प्रश्नाला शेपूट फुटलं. तिला वेळ कशाला हवी होती? गच्चीची चावी ती हल्ली स्वतःपाशीच का ठेवते? गेल्या आठवड्यात आपण वर येतो म्हटलं तर "नका येऊ काकू, ऊन लई आहे" असं का म्हणाली? एकदा संशयाचं विरजण पडलं की चांगलं दूधही रात्रीत दही होतं. व्हिडिओ खोटा वाटत होता आणि मायाही खरी वाटत नव्हती. सुनेत्राबाईंना स्वतःचाच राग आला.

सकाळी कळलं की सामंतांनी मायाच्या घरमालकाला मुलुंडला फोन केला होता. मालक म्हणाला होता, सोसायटीने लेखी दिलं तर महिनाअखेर घर रिकामं करून घेतो, मला लफडं नको. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली.

सुनेत्राबाईंनी गुडघ्याला तेल चोळलं, काठी घेतली आणि दुपारी, जिन्यात कुणी नसताना, चौथ्या मजल्याच्या वर गच्चीपर्यंत चढल्या. दार उघडंच होतं.

गच्चीभर प्लास्टिकच्या कागदावर कुरडया पसरल्या होत्या. गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास नाकात गेला आणि बाईंना माहेर आठवलं. एका कडेला साबुदाण्याच्या पापड्या. टाकीवर पाच-सहा कावळे ओळीने बसलेले, पंगतीत पान वाढायची वाट बघणाऱ्यांसारखे. आणि कुरडयांच्या वर, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ताणलेल्या दोरीला लोकरीने बांधलेल्या जुन्या सीड्या. वारा आला की त्या गरकन फिरत, ऊन त्यांच्यावर आपटे, कावळा उडे, आणि वारा पडला की परत येऊन बसे.

माया छत्रीखाली राखण करत बसली होती. बाईंना बघून ती उठली, पण नेहमीसारखी हसली नाही.

"या काकू. तुम्ही पण बघायला आलात?"

"हो गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. खोटं बोलण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता. "बघायलाच आले."

"मग बघा नीट. कावळ्यांनी गेल्या वर्षी अर्धा माल नासला. शेठ म्हणाला, चोच मारलेली कुरडई मी कुणाला विकू? म्हणून बांधल्या." मायाने दोरी ओढून एक सीडी बाईंच्या हातात दिली. "श्रद्धावहिनींनीच दिल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत. पिशवीभर."

बाईंनी चष्मा पुसला. सीडीवर काळ्या मार्करने बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, 'वरद पोंक्षे. चौथी ब. हात लावू नये.' मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता तो. त्यापायी पोराने एकदा जेवण सोडलं होतं.

"अगं, मग हे तू ग्रुपवर सांगितलंस का नाहीस?"

"सांगितलं की. कालच फोटो टाकला. सामंतकाका म्हणाले, फोटो जुना असेल." माया खाली बसली आणि कुरडया उलटू लागली. "महेंद्र म्हणतो, जास्त बोलू नकोस, जितकं बोलशील तितकं जास्त दिसेल. पोरीची शाळा इथे लागलीय काकू. आता जूनला कुठे घर शोधू?"

सुनेत्राबाई खाली आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. श्रद्धा भेंडी चिरत होती.

"श्रद्धा, त्या सीड्या आपल्या आहेत."

श्रद्धाने मान वर केली नाही. सुरी तेवढी थांबली. म्हणजे हिला माहीत होतं. व्हिडिओ पाहिला त्याच क्षणी हिने ओळखलं होतं, आणि भेंडी चिरत राहिली होती.

"आई, वरदच्या पेजवर आलाय तो व्हिडिओ," ती हळूच म्हणाली. "खोट्या बातम्या टाकणाऱ्यांना पोलीस बोलावून घेताहेत म्हणे. त्याचा सोमवारी इंटरव्ह्यू आहे. चार दिवस जाऊ द्या. लोक विसरतात."

आतल्या खोलीत वरद उताणा पडला होता. आजीने त्याच्या छातीवर ती सीडी ठेवली. त्याने अक्षर वाचलं, आधी हसला, मग हसू पुसलं गेलं.

"मला काय माहीत आजी! बी विंगच्या कुणीतरी पाठवला. मी प्रश्नचिन्ह टाकलंय ना. 'इशारे?' असं. मी कुठे म्हटलं ती हेर आहे?"

"प्रश्नचिन्हाच्या आड लपतोस होय रे?"

"काढला तर लोक म्हणतील दबाव आला. ठेवला तर तू म्हणतेस..." तो उठून बसला. "आणि आता तो माझा राहिलाच नाहीये. शंभर पेजनी उचललाय."

"मीटिंगमध्ये उभा राहा आणि सांग."

"वेडी आहेस का? माझं नाव जाईल!"

"तुझं नाव जाईल. तिचं घर जाईल," आजी म्हणाली. "तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

"आपल्याच घरातलं माणूस असं करतं?" वरदचा आवाज फाटला. लहानपणी पडल्यावर फाटायचा तसाच. हे पोर सुनेत्राबाईंच्या मांडीवर वाढलेलं. त्याला पोलीस ठाण्यात बसवलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्या दाराची चौकट धरून बाहेर आल्या.

शनिवारी संध्याकाळी माणसं पार्किंगमध्ये जमत असतानाच बातमी आली, लढाई थांबली. वाटलं होतं, लोक सुस्कारा टाकतील. झालं उलटंच.

"थांबली? अशी कशी थांबली?"

"परवा तर आपण अर्ध्यापर्यंत घुसलो होतो!"

"टीव्हीवर नकाशा दाखवला होता हो, मी स्वतः पाहिला."

जेवणाच्या पानावरून उठवल्यासारखे चेहरे झाले होते. भूक भागली नव्हती, आणि आता समोर एकच पान वाढलेलं होतं. त्या पानाकडे सगळे वळले.

माया मुलीला घेऊन खांबापाशी उभी होती. महेंद्र पाळीवरून धावतपळत आला होता, हेल्मेट अजून हातात. सामंतांनी घसा साफ केला. "हे बघा, आमचं वैयक्तिक वैर नाही. पण देशाचा प्रश्न आला की..."

तेवढ्यात फाटकातून स्कूटर आत आली. उल्हासनगरचा शेठ माल न्यायला आला होता; त्याला बिचाऱ्याला मीटिंगचा पत्ताच नव्हता. दोघा-तिघांनी त्याला घेरलं. खोकी उघडून दाखव म्हणाले. म्हाताऱ्याने शांतपणे स्कूटर स्टँडवर लावली, एका खोक्याची सुतळी सोडली आणि म्हणाला, "देखो साईं, आराम से देखो. लेकिन एक भी टूटी तो वो तुमको लेके जाना पड़ेगा."

कुणीतरी फिसकन हसलं. पण नुसत्या हसण्याने संशय मरत नाही, थोडा बाजूला सरकून बसतो, एवढंच.

"सीड्या कावळ्यांसाठीच आहेत," सुनेत्राबाई काठी टेकत पुढे आल्या. "मी वर जाऊन पाहून आले. त्या आमच्या घरच्या आहेत. आमच्या वरदच्या."

"वहिनी, तुम्ही पाहिलंत ते मागाहून," सामंत समजुतीने म्हणाले. "व्हिडिओनंतर बदलून सीड्या लावल्या नसतील कशावरून?"

"आणि लावताना आमच्या वरदचं चौथीतलं अक्षर कुठून आणलं?"

"तेच तर! तुमच्या घरच्या वस्तू तिच्याकडे कशा गेल्या, हाही प्रश्नच आहे."

सुनेत्राबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बँकेत आयुष्य काढलेला, सही दोनदा तपासणारा हा माणूस. याला खरंखोटं कळत नव्हतं असं नाही. त्याला ते आत्ता नको होतं.

"शिवाय," सामंतांनी हुकमाचं पान टाकलं, "एवढ्या मोठ्या पेजवर बातमी आली म्हणजे त्यांनी काही तपास केलाच असेल ना? उगाच कोण छापेल?"

वरद आपल्या बाइकला टेकून उभा होता. आजीने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तिने थोडी वाट पाहिली. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर बातम्यांची धून वाजत होती.

"तपास आमच्या आतल्या खोलीत झाला," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पलंगावर लोळून. ते पेज आमच्या वरदचं आहे. त्याने एकदाही वर जाऊन पाहिलं नाही. आता पोलिसांना सांगायचं असेल तर सांगा. घर तिचं काढू नका."

श्रद्धाने पदर तोंडाला लावला आणि जिन्याकडे गेली. वरदचे कान लाल झाले. आता काय होईल ते होवो, असं मनाशी म्हणून सुनेत्राबाईंनी काठी घट्ट धरली.

पण काहीच झालं नाही.

सामंतांच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या. "अरे! वरदचं पेज होय ते?" त्यांनी पोराच्या खांद्यावर हात टाकला. "आपलाच मुलगा आहे हो. तरुण रक्त, उत्साहात होतं असं. चांगलं चालवतोस रे पेज. पुढल्या वेळी फक्त विचारून टाक." लोकांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, पोराचं भवितव्य आहे, बाहेर बोलायला नको. कुणी त्याला विचारलं, फॉलोअर किती झाले?

आपलाच मुलगा. चार दिवसांत मायाला कुणी आपलीच मुलगी म्हटलं नव्हतं. सुनेत्राबाई ज्याला भीत होत्या ते घडलं नव्हतं, आणि जे घडलं होतं ते त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मालकाला लिहायचं पत्र तूर्त राहू द्यावं असं ठरलं. "मात्र," सामंत मायाकडे न बघता म्हणाले, "गच्चीवर ते वाळवण-बिळवण आता नको. उगाच कशाला पुन्हा चर्चा?" सगळ्यांना हे फार समतोल वाटलं. मीटिंग संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्र आणि माया गच्चीवरचे कागद गुंडाळून रिक्षात भरत होते. खरवईला मायाची आत्या गोजरबाई राहत होती. तिच्या अंगणात वाळवण घालायचं ठरलं होतं. रोज रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं, म्हणजे विक्रीतून सुटणारे पैसे सगळे भाड्यातच जाणार.

सुनेत्राबाई फाटकापाशी आल्या.

"घर राहिलं काकू," माया म्हणाली. "गच्ची गेली." मग जरा थांबून, "तुम्ही बोललात, ते मी विसरणार नाही. पण तुम्ही आधी बघायला आला होतात, ते पण नाही विसरणार."

रिक्षा गेली. वरदने रात्रीच व्हिडिओ काढून टाकला होता. आजीशी मात्र तो बोलत नव्हता, चहाचा कपही आईकरवी मागत होता.

दुपारी सुनेत्राबाई जेवून आडव्या झाल्या तर मोबाइल वाजला. नाशिकची भाची शलाका. शाळेत मुख्याध्यापिका, शहाणी पोर. तिने एक व्हिडिओ पाठवला होता. तीच गच्ची, तीच कलती उन्हं, तीच चकाकी. टाकीवरचं नाव धूसर केलेलं, संगीत निराळं, आणि खाली गुजरातेतल्या कुठल्याशा सीमेजवळच्या गावाचं नाव. 'मावशी, बघ कशी माणसं असतात. तुमच्या इथेही असतील. सावध राहा.'

सुनेत्राबाई उठून बसल्या. चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'शलाका, ही आमची बेलवलीची गच्ची आहे. आमच्या वरदच्या जुन्या सीड्या आहेत त्या. कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून बांधलेल्या. मी स्वतः वर जाऊन हातात घेऊन पाहिल्या.'

बराच वेळ नुसतं 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

'मावशी, तुला हे कुणी सांगितलं? असले मेसेज पुढे पाठवू नकोस गं. त्यांना हेच हवं असतं.'